पोस्त आणि पगार

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे 'पोस्त' देण्याची रीत आहे. वर्षभर पत्रे आणणारा पोस्टमन, रात्री शिट्टी वाजवीत फिरणारा गुरखा, केर नेणारी बाई, यांनी पाडव्याच्या सुमारास दारात यावे आणि घरधन्याने त्यांच्या हातावर काही ठेवावे, हा जुना शिरस्ता. त्यात माणुसकीचा ओलावा आहे, आणि तो आटावा असे कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. तरीही पोस्त आणि पगार या दोन वस्तू निराळ्या आहेत. पोस्त देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पगारावर घेणाऱ्याचा हक्क असतो. पोस्त किती मिळाली हे मोजणे अशिष्ट ठरते. पगार मात्र मोजूनच घ्यायचा असतो, आणि कमी भरला तर 'का?' म्हणून विचारायचे असते.

हा फरक येथे मुद्दाम सांगण्याचे कारण साहित्यविषयक आहे. दारोदार माल पोचवणाऱ्या माणसाविषयी जे काही लिहिले गेले, रंगभूमीवर आले वा पडद्यावर दाखवले गेले, त्यातील बहुतेकांनी त्याला पोस्त दिली आहे. त्याच्या पगाराची चौकशी फार थोड्यांनी केली. मोटारसायकलीच्या मागे गोणीएवढी पिशवी बांधून निघालेला तरुण आज बुलढाणा जिल्ह्याच्या गल्लीबोळांतही दिसतो. त्याच्याविषयी कोणी कथा-कादंबरी लिहायला बसेल, तर त्याने आधीच्या कलावंतांनी काय साधले आणि काय निसटू दिले हे पाहून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

आरंभ रवींद्रनाथांच्या 'डाकघर' या १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या नाटकापासून करावा लागतो. आजारी अमल खिडकीपाशी बसलेला आहे. समोर राजाचे नवे डाकघर उघडले आहे, आणि आपणही मोठेपणी राजाचा डाकवाला होऊन घरोघर पत्रे वाटीत हिंडावे, असे त्याला वाटते. बंद खोलीतल्या मुलाला मोकळ्या वाटेची जी ओढ लागते, तिचे डाकवाला हे प्रतीक आहे. नाटक थोरच आहे. आणि एका मुलाच्या स्वप्नाला 'तुझ्या डाकवाल्याला महिना काय मिळतो?' असे विचारणे हा करंटेपणा होईल. मात्र नंतरच्या पुष्कळ लेखकांनी अमलची नजर उसनी घेतली आणि ती प्रौढपणीही खाली ठेवली नाही. पोस्टमन म्हणजे सुखदुःखाचा दूत, एवढ्यावर त्यांचे काम भागले.

बंगालीतच पुढे सुकांत भट्टाचार्य या कवीने 'रानार' ही कविता लिहिली. रात्री कंदील आणि घुंगरांची काठी घेऊन धावणारा हा टपालाचा जासूद पैशांची थैली पाठीवरून नेतो. त्या पैशाला मात्र त्याला हात लावता येत नाही. सलील चौधुरींनी तिला चाल लावली, हेमंतकुमारांनी ती गायिली आणि ती घरोघर पोचली. सुकांत १९४७ साली, एकविसावे वर्ष पुरे होण्याच्या आत वारला. एवढ्या कोवळ्या वयात त्याने अमलची खिडकी ओलांडली आणि धावणाऱ्याच्या पोटात काय आहे हे विचारले. तरी त्याचा जासूद एकटाच आहे. रात्र, रस्ता आणि तो, याखेरीज तेथे कोणी नाही. हे एकटेपण पुढे या विषयाला जे चिकटले ते आजतागायत सुटलेले नाही.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्याकडे कामगारांचे साहित्य नाही असे नव्हे. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही कादंबरी १९३३ ची. नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ चा. जयंत पवारांचे 'अधांतर' हे १९८२ च्या गिरणीसंपानंतरच्या पडझडीचे नाटक. या सगळ्यांत कामगार हा समूहातला माणूस आहे. तो चाळीत राहतो, पाळीला जातो, सभेला उभा राहतो, आणि संप फसला तरी तो सगळ्यांचा मिळून फसतो. याचे एक साधे कारण असे की गिरणीला फाटक होते. फाटकाशी भोंगा होता, सभा होती, फळा होता, फितूर होता. लेखकाला नाट्य शोधत हिंडावे लागत नव्हते. ते फाटकाशी रोज सकाळी उभे असे. पार्सल पोचवणाऱ्याला असे फाटक दिसत नाही, म्हणून आपल्या लेखकांना त्याच्यात नाट्यही दिसले नसावे. गजेंद्र अहिरे यांच्या 'पोस्टकार्ड' या २०१४ च्या चित्रपटात पोस्टमन आहे आणि गिरीश कुलकर्णींनी तो मन लावून उभा केला आहे. तेथेही तो दुसऱ्यांच्या कहाण्या ओवणारा दोरा आहे. हारात फुले दिसतात, दोरा दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर केन लोच या इंग्रज दिग्दर्शकाचा २०१९ सालचा 'सॉरी वी मिस्ड यू' हा चित्रपट पाहिला म्हणजे एकदम वेगळ्या हवेत आल्यासारखे वाटते. आपण घरी नसताना पार्सलवाला जी चिठ्ठी टाकून जातो तिच्यावरचे वाक्य हेच चित्रपटाचे नाव. न्यूकॅसल गावातला रिकी टर्नर पार्सल पोचवण्याचे काम धरतो. पहिल्याच प्रसंगात गोदामाचा व्यवस्थापक मलोनी त्याला समजावतो की तू आमचा नोकर नव्हेस, स्वतःचा मालक आहेस. या मालकीसाठी गाडी हवी. ती घेण्याकरिता रिकी बायकोची मोटार विकतो. बायको ॲबी घरोघर जाऊन वृद्धांची सेवा करते. मोटार गेल्यावर ती बसने हिंडू लागते. येथून पुढे चित्रपट घरातल्या घरात चिरत जातो. मुलगा बिथरतो, मुलगी रात्री झोपेनाशी होते. रजा घेतली की दंड, उशीर झाला की ताकीद. शेवटी चोर रिकीला मारतात, त्याच्या हातातले नोंदयंत्र फोडतात, आणि त्या यंत्राचे १,००० पौंड त्याच्याच नावे लागतात.

लोच आणि त्यांचे पटकथालेखक पॉल लॅव्हर्टी यांचा मोठा गुण असा की ते हिशेब लपवीत नाहीत. कोणत्या चुकीला किती दंड, गाडीचा हप्ता कोण भरतो, बदली माणूस कोणी आणायचा, हे सर्व प्रेक्षकाला कळते. आणि कळते म्हणूनच कुटुंबाचे दुःख हवेत तरंगत नाही. दुःखाला आकड्याचे मूळ आहे. करारातल्या एका कलमाने मुलीची झोप कशी उडते, हे ज्याला दाखवता आले त्याला पगाराचे साहित्य करता आले असे मी म्हणेन. 'रानार'पेक्षा हा चित्रपट याच बाबतीत पुढे गेला आहे.

पण त्याची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. गोदामात रोज सकाळी पुष्कळ गाडीवाले जमतात. ते एकमेकांशी थट्टा करतात, एकाचा मार्ग दुसऱ्याला मिळाला की हातघाईवर येतात. एकत्र बसून विचार मात्र करीत नाहीत. संघटना चित्रपटात एकदाच येते: ॲबी जिची सेवा करते ती म्हातारी तिला जुनी छायाचित्रे दाखवते, १९८४ च्या खाणकामगारांच्या संपातली, संपवाल्यांना जेवू घालणाऱ्या बायकांची. प्रसंग हृद्य आहे. त्याचा अर्थ मात्र असा होतो की संघटना ही आता म्हातारीच्या संग्रहातली वस्तू झाली. अखेरीस जखमी रिकी घरच्यांना न जुमानता गाडी घेऊन कामावर निघतो, आणि प्रेक्षक डोळे पुसतो. अश्रू खरे आहेत. पण प्रेक्षकाच्या हातात शेवटी अश्रूच उरतात. इतका काटेकोर हिशेब मांडणारा दिग्दर्शक अखेरच्या क्षणी आपल्याकडून पोस्तच घेऊन जातो.

नंदिता दास यांचा 'झ्विगाटो' हा हिंदी चित्रपट २०२३ मध्ये आपल्याकडे लागला. भुवनेश्वरचा मानस पूर्वी कारखान्यात होता. नोकरी गेल्यावर तो मोटारसायकलीवरून लोकांचे जेवण पोचवतो. येथे माल निराळा, पण फोनमधून येणारे हुकूम आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या गुणांवर टांगलेली कमाई तीच. या चित्रपटाचे मोल नवरा-बायकोच्या नात्यात आहे. प्रतिमा कामाला निघते तेव्हा मानसचा जो अहंकार दुखावतो तो फार खरा आहे. मात्र लोच जेथे करारपत्र वाचून दाखवतात तेथे दास बहुधा चेहरा दाखवतात. चेहरा बोलका आहे, पण मानसच्या खिशात महिनाअखेर काय उरते याचा अंदाज प्रेक्षकाला स्वतः बांधावा लागतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बुलढाण्याच्या साहित्याला हिशेबाचे वावडे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. चिखली तालुक्यातल्या अमडापूरच्या सदानंद देशमुखांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ साली आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिचा नायक एकनाथ शिकलेला आहे, पण शिक्षकाच्या नोकरीसाठी भरायला पैसा नाही आणि शेतीतून तो निघत नाही. बियाण्यापासून बाजारापर्यंतचा तोटा त्या कादंबरीत शिरला आहे, म्हणून ती नुसते ग्रामीण हळहळीचे पुस्तक होत नाही. आज मोटारसायकलीवर पार्सले बांधणारा पदवीधर हा या एकनाथाचाच धाकटा भाऊ आहे. त्याची कादंबरी लिहायची राहिली आहे.

ती लिहिणाऱ्याला या जिल्ह्याचा भूगोल आधी ध्यानात घ्यावा लागेल. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जातो. खामगावला जलंबहून फाटा आहे, आणि कापसासाठी काढलेल्या त्या फाट्याचे उद्घाटन १८७० साली खुद्द लॉर्ड मेयोने केले होते. जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा मात्र घाटावर, रेल्वेविना. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर, दक्षिणेला लोणार आणि सिंदखेड राजा. तेव्हा रेल्वेने गावातला कापूस बाहेर नेला. आता ट्रकने बाहेरचा माल गावात येतो, आणि तालुक्याच्या गावापासून शेवटच्या घरापर्यंतचा रस्ता त्या तरुणाच्या मोटारसायकलीवर पडतो.

या कामाचा मोबदला पुष्कळ ठिकाणी पोचलेल्या पार्सलावर ठरतो. सोयीसाठी एक कल्पित हिशेब करू. दर पार्सलाला १५ रुपये धरा. खामगावच्या दाट वस्तीत २० किलोमीटर फिरून ५० पार्सले पोचली तर ७५० रुपये होतात; गाडी लिटरला ५० किलोमीटर चालते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असे धरले, तर ४२ रुपये वजा जाऊन ७०८ उरतात. तोच तरुण जानेफळ, डोणगाव या बाजूची खेडी घेऊन ८० किलोमीटर फिरला आणि २० पार्सले पोचली, तर मिळकत ३००, पेट्रोल १६८, हाती १३२. टायर, तेल, गाडीचा हप्ता आणि फोनचा खर्च अजून धरलेलाच नाही. गिऱ्हाईक शेतात गेले म्हणून पार्सल परत आले आणि त्या फेरीचा मोबदला नसला, तर हा आकडा आणखी खाली येतो. एकाच दराने एकाला रोजी सुटते आणि दुसऱ्याला सुटत नाही. दर ठरवणाऱ्याने खेड्याचे अंतर मोजलेच नाही, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. कादंबरीकाराला मात्र यात एक संपूर्ण प्रकरण सापडावे: कोणाला कोणता मार्ग मिळतो, कोण देतो, आणि त्यासाठी कोणाशी गोड बोलावे लागते.

बढतीचीही तीच कथा. कारकून हेडक्लार्क होतो, कंडक्टर वाहतूक नियंत्रक होऊ शकतो. पार्सलवाल्याच्या वर बहुधा केंद्राच्या प्रमुखाची एकच खुर्ची. दहा वर्षे काम केलेल्याचा आणि काल आलेल्याचा दर सारखाच असेल, तर अनुभव ही मिळकत न राहता नुसते वय होते. 'सध्या करतो आहे, पुढे बघू' हे वाक्य या धंद्यात बावीसाव्या वर्षीही ऐकू येते आणि पस्तिसाव्या वर्षीही. या 'सध्या'त संघटना न होण्याचे मोठे कारण दडले आहे. जो स्वतःला तात्पुरता समजतो तो वर्गणी कशाला देईल?

येथे खेड्यापाड्यांतल्या ग्रामीण डाक सेवकाची आठवण ठेवली पाहिजे. टपालखात्याची पत्रे-पार्सले तो वाहतो, पण नियमित सरकारी नोकरांत त्याची गणना नाही. २०१८ च्या मे महिन्यात २२ तारखेपासून देशभरच्या डाक सेवकांनी संप केला. तो दोन आठवडे चालला, आणि ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारलेला भत्ता मंजूर केला: चार तासांच्या कामाला डाक सेवकास किमान १०,००० रुपये आणि शाखा डाकपालास १२,०००. रक्कम मोठी नव्हे. परंतु पोस्टमन होण्याची खात्यांतर्गत परीक्षा त्याला देता येते, आणि मागणी कोणाकडे करायची हे त्याला ठाऊक आहे. मोटारसायकलीवरच्या तरुणाला नेमके हेच ठाऊक नसते. ठेकेदार म्हणतो कंपनीला विचार, कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार; आणि फोनवरून थेट काम देणारी कंपनी त्याला 'पार्टनर' म्हणते. भागीदार म्हणजे नफ्यात वाटा असलेला माणूस, असा अर्थ मराठी व्यापारीपेठेत आजवर होता. ज्याच्या वाट्याला फक्त तोटा आणि टायर येतात तो भागीदार कसला? शब्दांची अशी फसवणूक उघडी पाडणे हे तर लेखकाचे खास काम.

'याला मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध?' असे पुष्कळ जण विचारतात. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. बाजारातल्या हमालालाही एक मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. पैसे टोळीवाल्याच्या हातून. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत या माथाड्यांना जमवले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्याची युक्ती साधी आहे. कामगार आणि व्यापारी दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक पट्टी मंडळात भरायची. मंडळाने मजुरी द्यावी आणि भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी, औषधपाणी यांची सोय पाहावी. मालक अनेक असले तरी हक्क एके ठिकाणी साठतो. डोक्यावरचे पोते मोटारसायकलीवर आले म्हणून ही युक्ती जुनी होण्याचे कारण नाही.

देशाचा कायदा सावकाश इकडे वळतो आहे. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी कल्याणाचा कायदा केला. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत फोनवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीला द्यावी असे आहे. हे स्वागतार्ह आहे. पण निधी हा विम्याचा आणि आजारपणाचा. दर पार्सलाचे १५ असावेत की २५, हे तो ठरवीत नाही. ते बोलणी करूनच ठरते, आणि बोलणी एकट्याला करता येत नाहीत. अमेरिकेत युनायटेड पार्सल सर्व्हिसच्या १,८५,००० कामगारांनी टीमस्टर्स या संघटनेच्या झेंड्याखाली १९९७ मध्ये पंधरा दिवस संप केला, तो मुख्यतः अर्धवेळ कामे पूर्णवेळ व्हावीत म्हणून. २०२३ मध्ये सुमारे ३,४०,००० जणांच्या वतीने करार झाला आणि एकाच कामाचे दोन दर ठेवण्याची पद्धत त्याने काढून टाकली. तेथेही सगळे आलबेल नाही. २०२५ मध्ये त्याच कंपनीने २०,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. तरी लोचच्या म्हातारीची छायाचित्रे केवळ जुनी नाहीत, एवढे यावरून दिसते.

मग मराठी लेखकाने काय लिहावे? प्रचारकी कथा लिहावी, शेवटी झेंडा फडकवावा, असे मुळीच नव्हे. झेंड्याने वाईट कथा चांगली होत नाही. त्याने एवढेच करावे की सकाळी माल उतरतो त्या वेळी पार्सलांच्या केंद्रावर जाऊन उभे राहावे. गाडी आली आहे, पार्सलांची गावोगावची वाटणी चालली आहे, आणि सगळे तरुण एका जागी आहेत. पुढे दिवसभर ते एकमेकांना भेटणार नाहीत. कोणी जास्तीचा गाव दुसऱ्यावर ढकलतो आहे, कोणी आजारी सोबत्याची पार्सले न सांगता आपल्या पिशवीत घालतो आहे, कोणी काल कापल्या गेलेल्या पैशांबद्दल हळू आवाजात विचारतो आहे आणि बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखे करीत आहेत. गिरणीचे फाटक नाहीसे झाले असे आपण म्हणतो. ते येथे तासाभरासाठी रोज उघडते. लोचने हा तास पाहिला आणि सोडून दिला. आपल्या लेखकाने तो सोडू नये. त्या ऐकून न ऐकलेल्या प्रश्नाला दुसरा कोणी उत्तर देतो का, एवढ्याच गोष्टीवर एक उत्तम दीर्घकथा उभी राहील.

वाचकांचाही यात भाग आहे. या सणात आपल्या दारी साडी, आकाशकंदील, कदाचित हा अंकही घेऊन तो येईल. त्याला पाणी द्यावे, फराळ द्यावा, पोस्तही जरूर द्यावी. मात्र त्याच्यावरची कथा वाचताना डोळे पाणावले की तेथेच पुस्तक मिटू नये. लेखकाने त्याचा हिशेब पुरा मांडला आहे की नाही, हे शेवटच्या रुपयापर्यंत पाहावे.